मुंग्या दोनदा आल्या: न दुखणाऱ्या पायाचं एक प्रकरण

या प्रकरणातले आबा प्रातिनिधिक आहेत. मधुमेही पायाच्या दवाखान्यात गोष्टी ज्या क्रमाने घडताना दिसतात, तो क्रम इथे एका माणसावर बसवला आहे. वय ५६, करवीर तालुक्यातलं गाव, तीन एकर ऊस, हंगामात स्वतःचं गुऱ्हाळ. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे अंगापिंडानं अजून दणकट. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा, दारू नाही.

दवाखान्यात आणलं सुनेनं. सकाळी स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर तिला हात-दीड हाताच्या अंतरानं रक्ताचे ठिपके दिसले. माग काढत सोप्यात गेली, तर आबा खुर्चीत बसून चहा पीत होते. "मामा, तळवा बघू," म्हणून तिनं पाय उचलायला लावला, तेव्हा उजव्या अंगठ्याखालच्या चवड्याला भोक पडलेलं दिसलं. कडा पांढऱ्या, मधे ओलं, वास येत होता. आबांनाच नवल वाटलं. "दुखतच न्हाई, तर मला कळणार कसं?"

प्रश्न बिनतोड आहे. या प्रकरणात शरीरानं इशारे दिले नाहीत असं नाही, सहा वर्षं दिले. पण शेवटचा इशारा 'न दुखणं' हा होता, आणि न दुखण्याला आपल्याकडे कुणी लक्षण समजत नाही.

यात्रेतली बारा दिवसांपूर्वीची वाट

चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेला आबा दरवर्षी चालत जातात. या वेळी दोन दिवस आधी नवी कापशी कोल्हापुरी चप्पल घेतली आणि तीच घालून निघाले. नव्या कोल्हापुरीचं चामडं कडक असतं. तेल देऊन, घरात तास-अर्धा तास वापरून ती मऊ करावी लागते हे आबांना माहीत होतं, पण वेळ नव्हता. तळ सपाट आणि टणक, टाचेला मागून पट्टा नाही, त्यामुळे चप्पल पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळून चालावं लागतं. सगळं घासणं अंगठ्याच्या वादीवर आणि सगळा दाब चवड्यावर. वर डोंगरावर चपला काढून एप्रिलच्या उन्हात तापलेल्या दगडी फरसबंदीवर अनवाणी उभं राहणं झालं ते वेगळंच.

परत आल्यावर दोन जागा दिसत होत्या. अंगठ्याच्या बेचक्यात फोड, तो आठवड्यात वाळला. दुसरी जागा चवड्याखाली होती, तिथे जुना जाड घट्टा होता आणि त्याच्या पोटात काळपट डाग. "चप्पल चावली" एवढ्यावर घरात विषय संपला.

संवेदना शाबूत असलेला माणूस अशा चपलेत दुसऱ्या किलोमीटरला लंगडायला लागतो. भार टाचेवर टाकतो, पाय वाकडा ठेवतो, शेवटी चप्पल हातात घेतो. लंगडणं म्हणजे शरीरानं जखमी जागेला दिलेली सुट्टी. आबा डोंगर चढून वरपर्यंत एकदाही लंगडले नाहीत. त्याच एका जागेवर प्रत्येक पावलाला भार पडत राहिला. घट्टा तर चपलेत अडकलेल्या खड्यासारखा वागतो: बाहेरून कडक आणि आत मांसाला चेचणारा. त्याच्याखाली रक्त साकळतं, पोकळी होते, आणि काही दिवसांनी वरचं झाकण फुटतं. घट्ट्यातला काळा किंवा तांबूस डाग ही जखमच समजायची, फक्त ती अजून उघडलेली नसते.

पुढचे बारा दिवस घरगुती उपाय चालले. पहिले दोन दिवस हळद-तेल. मग घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून पाय शेकणं. मग गावातल्या दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेवर. वर फडकं बांधून उसाला पाणी पाजायला रानात. यातला गरम पाण्याचा उपाय सगळ्यांत वाईट. पाण्याचा चटका आबांनी ज्या पायानं अजमावला, त्याच पायाला चटका कळत नव्हता. शिवाय भिजून कातडी पांढरी, भुसभुशीत होते आणि भेगांतून जंतूंना वाट मिळते. हळदीचा लेप आणि कॅप्सूलची पूड यांची वर खपली धरते. जखम सुकल्यासारखी दिसते आणि खाली पू कोंडतो. औषध पोटात गेलं तर रक्तातून पोचतं, वरून पेरलेलं खोलवर पोचत नाही. अशा जखमेला पहिल्या दिवशी करायचं ते फार थोडं: सलाइननं किंवा वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुणं, कोरडी निर्जंतुक गॉज ठेवणं, त्या पायावर भार न देणं आणि त्याच दिवशी दाखवणं.

मागची सहा वर्षं

सगळा इतिहास सुनेनं आणि आबांच्या पत्नीनं सांगितला. आबा मधून मधून "तेवढं काय न्हाई" म्हणत होते.

सुरुवात मोरीत झाली. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं, घसा कोरडा, उशाशी तांब्या. आणि मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग. घरात त्यावर गमतीची बोलणी झाली, मोरीत फिनेल पडलं, एवढंच. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही. साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त आणि तहान जास्त. क्रम ध्यानात घ्या: पाणी जास्त प्यायल्यानं लघवी होत नव्हती, लघवी जास्त होत होती म्हणून पाणी लागत होतं. मुंग्या ही काही खात्रीची तपासणी नाही. त्या आल्या नाहीत म्हणून साखर नाही असंही नाही. आणि हल्लीच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असतं, मुद्दामच साखर लघवीवाटे काढतात. त्या चालू असताना मुंग्या आल्या तर घाबरण्याचं कारण नाही.

त्याच वर्षी वजन ९२ वरून ८४ किलोवर आलं. खाणं तेवढंच, काम तेवढंच. "तालीम सुटली, अंग उतरलं" असा अर्थ लावला गेला. पण तालीम सुटून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती! प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, तर कारण शोधावंच लागतं. आबांची घट जवळजवळ ९ टक्के होती. मानेमागची कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झालेली होती, ती उन्हावर ढकलली गेली. चष्म्याचा नंबर दोन महिन्यांत दोनदा बदलला. साखरेच्या चढउतारानं डोळ्याच्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे नजर कधी बरी तर कधी अंधूक. अशा वेळी नवा चष्मा करण्याआधी साखर बघायची.

पाच वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात बोटाला टोचून साखर २६८ निघाली. तहान, लघवी, वजनघट असताना कधीही घेतलेली साखर २०० किंवा वर असेल तर तो मधुमेहच. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी उपाशीपोटी १३० आली आणि आबांनी गोळ्या बंद केल्या. चहातली साखरही बंद केली, पण गूळ चालू ठेवला, तोही घरचा. रसायनविरहित गूळ सेंद्रिय असेल, पण रक्तात गेल्यावर तो साखरच. काहिलीशेजारी उभं राहून बोटानं चाखलेली काकवीही त्यातच मोजायची.

मग मुंग्या दुसऱ्यांदा आल्या, या वेळी पायात. आधी दोन्ही पायांच्या बोटांच्या टोकांना, मग चवड्याला, मग घोट्यापर्यंत. वर्षभरात रात्री तळव्यांची आग सुरू झाली. पायावर पांघरूण सहन होईना. बायको काशाच्या वाटीनं तूप लावून तळवे घासायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

इथे अर्थ लावण्याची खरी कसोटी असते, म्हणून जरा थांबू. मधुमेहानं नसा बिघडतात तेव्हा सगळ्यांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून आणि दोन्ही पायांत एकदम. त्रास मोज्यासारखा वर चढतो, आणि गुडघ्याच्या आसपास पोचला की हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात. एकाच पायात, कंबरेपासून खाली लकेरीसारखी येणारी मुंगी बहुधा मणक्याकडे बोट दाखवते. चालताना पोटरी आवळून येते आणि दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटते, तर दोष रक्तपुरवठ्यात. रात्री पाऊल ठणकतं आणि पलंगाखाली लोंबकळलं की बरं वाटतं, तर रक्तपुरवठा फारच कमी झालाय आणि उशीर परवडत नाही. आणि अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोलणं जड असं झालं तर ते मधुमेही नसांचं दुखणं नाही, पक्षाघात आहे, मिनिटं मोजायची. बी-१२ कमी असलं तरीही हुबेहूब अशाच मुंग्या येतात, विशेषतः शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत. म्हणून ते तपासायला हवंच. पण मुंग्या म्हटलं की बी-१२ ची दहा इंजेक्शनं आणि साखरेचं नाव नाही, हा प्रकार नको इतक्या वेळा दिसतो.

दोन वर्षांपूर्वी आबांची आग थांबली. औषधाशिवाय, आपोआप. काशाच्या वाटीला यश आलं असं घरात ठरलं. खरं तर कुरकुरणाऱ्या नसा आता मरून गप्प झाल्या होत्या. साखर सुधारली नसताना आग थांबणं ही चांगली बातमी नसते. त्यानंतरच्या खुणा सगळ्या 'नसण्या'च्या होत्या. चालताना कापसावर चालल्यासारखं वाटणं. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळणं. पायाला घाम येणं बंद झाल्यानं तळवे कोरडे आणि टाचांना भेगा. पावलावरच्या शिरा फुगलेल्या, पाय उबदार, म्हणजे वरवर अगदी निरोगी. बोटं हळूहळू पंजाच्या नख्यांसारखी वाकलेली, कारण पावलातले बारीक स्नायू दुबळे झाले होते, आणि वाकलेल्या बोटांमुळे चवड्याची हाडं खाली आलेली. घट्टा तिथेच झाला.

या काळात आबा अधूनमधून गुडघ्यासाठी, सर्दीसाठी डॉक्टरांकडे जात होते. साखर दोनदा तपासली गेली. पण चपला काढून पाय दाखवायला कुणी सांगितलं नाही, आणि आबांनीही दाखवले नाहीत.

दवाखान्यात काय दिसलं

जखम २ बाय १.५ सेंटिमीटर, खोली ९ मिलिमीटर. भोवतीची लाली कडेपासून ३ सेंटिमीटरपर्यंत. लाली २ सेंटिमीटरच्या आत असेल आणि संसर्ग कातडीपुरताच असेल तर तो सौम्य. हा मध्यम होता. निर्जंतुक धातूची सळई जखमेत हलकेच घातली तर तळाशी कडक, खरखरीत लागलं: हाड. ताप ९८.८, म्हणजे नाहीच. घरच्यांना याचाच दिलासा होता, पण मधुमेहात खोल संसर्ग असूनही ताप न येणं नेहमीचं आहे. पांढऱ्या पेशीही फार वाढलेल्या नव्हत्या. वाढली होती ती साखर: उपाशीपोटी २४१, जेवणानंतर ३८८. घरी कुणाची साखर कारण नसताना एकदम चढली, तर कुठेतरी संसर्ग आहे का हे शोधायचं, आणि त्यात पायाचे तळवे आधी.

एचबीए१सी ११.२, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सुमारे २७५. हिमोग्लोबिन १०.९ होतं. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वर सरकतं, पण इथे उपाशीपोटीचे आकडेही त्याच वळणावर होते, त्यामुळे शंका उरली नाही. ईएसआर (अंगात सूज-संसर्ग असला की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) ९२, पायाच्या जखमेत तो ७० च्या वर असला की हाडाला संसर्ग असल्याचा संशय बळावतो. पहिला एक्स-रे स्वच्छ. त्यावर कुणी निश्चिंत होऊ नये, हाडातला बदल एक्स-रेत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. अठराव्या दिवशी दुसरा काढला तेव्हा चवड्याच्या हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली. लघवीत अल्ब्युमिन १४० (३० पर्यंत चालतं), रक्तदाब १५०/९२, डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल. बी-१२ ठीक.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे टोक टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा, आबांना एकाही चवड्यावर कळला नाही. १२८ हर्ट्झच्या नादकाट्याची (ठोकला की थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याची) थरथर घोट्यापर्यंत नाही. एक गोष्ट मात्र नशिबाची: दोन्ही पायांतल्या नाड्या हाताला ठसठशीत लागत होत्या आणि घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर १.०२ होतं. ते ०.९ च्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांचं बघावं लागतं, नुसती जखम साफ करून ती भरत नाही. १.३ च्या फार वर गेलं तर तेही चांगलं नाही, कडक झालेली धमनी दाबलीच जात नाही म्हणून आकडा फसवा मोठा येतो.

भूल द्यायच्या आधी ईसीजी काढला आणि चढावर दम लागतो का, अचानक घाम सुटतो का हे विचारलं. छातीत दुखतं का, एवढंच विचारून भागत नाही. ज्या कारणानं पायाला चप्पल कळली नाही, त्याच कारणानं मधुमेही माणसाला हृदयाचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता दम, घाम, मळमळ, गळून जाणं. आबांचा ईसीजी ठीक निघाला.

घरी करायची स्पर्श चाचणी

मोनोफिलामेंट घरात नसतो, बोट असतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात बसवलेली ही चाचणी सुनेला शिकवली आणि तिनं पुढच्या रविवारी सासूचीही केली.

माणसानं आडवं पडून मोजे-चपला काढून डोळे मिटायचे. आधी कोणता उजवा, कोणता डावा हे पायाला हात लावून सांगून घ्यायचं. मग तर्जनीच्या टोकानं फक्त सहा ठिकाणी हलका स्पर्श करायचा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श एक-दोन सेकंद, पीस टेकवल्यासारखा. टोचायचं नाही, गुदगुली करायची नाही. कळलं की त्यानं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. कळलं नाही तर जोरानं दाबून दुसरी संधी द्यायची नाही, कारण दाब खोलवर कळतो आणि चाचणी खोटी पास होते. लोक हमखास इथेच चुकतात, आपल्या माणसानं नापास होऊ नये असं वाटतं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना घटली आहे असं धरून डॉक्टरांकडे जायचं. आबांना सहापैकी एकच कळलं. सासूबाईंना सहाही कळले, पण साखर तपासली तर उपाशीपोटी ११८, म्हणजे १२६ च्या हद्दीजवळ. साखर आणि रक्तदाब तिशीनंतर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात, त्यासाठी शहर गाठायला नको.

उपचार आणि मधली एक फसवी खूण

दाखल करून घट्टा आणि मेलेलं मांस काढलं. जखम वरून पुसलेल्या बोळ्यात कातडीवरचे भलतेच जंतू येतात, म्हणून साफ केल्यानंतर तळाचा मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला. धनुर्वाताचं इंजेक्शन, शिरेतून अँटिबायोटिक, साखरेसाठी इन्सुलिन. हाड काढलं नाही, त्यामुळे अँटिबायोटिकची मुदत एकूण सहा आठवडे. फक्त कातडी-मांसाचा संसर्ग असता तर एक-दोन आठवड्यांत भागलं असतं. बारा दिवसांच्या उशिराचा हिशेब असा आठवड्यांत चुकता झाला म्हणायला हरकत नाही.

यापुढचं खरं औषध म्हणजे त्या जागेवर भार न पडणं. घरच्यांना रोज बदललेली पट्टी उपचार वाटते. भार मात्र मोजला जात नाही. संडासापर्यंतची वीस पावलं दिवसातून आठ वेळा गेली तरी जखम आहे तिथेच राहते. संसर्ग आटोक्यात येईपर्यंत वॉकर आणि खुर्ची, मग तिसऱ्या आठवड्यापासून गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर, आठवड्याला बदलायचं. काढता येणारा बूट जास्त सोयीचा, पण सोयीचा असल्यामुळेच तो घरात काढून ठेवला जातो. आबांचा स्वभाव पाहता न काढता येणारंच बरं होतं. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं, नाहीतर रक्तपुरवठा, हाड, भार यांपैकी काहीतरी सुटतंय. आबांचं ३ चौरस सेंटिमीटरवरून १.३ वर आलं. पूर्ण भरायला पंधरा आठवडे लागले. अंगठा वाचला.

तिसऱ्या महिन्यात मात्र घर हादरलं. पायांची आग परत सुरू झाली, पूर्वीपेक्षा जास्त. आबा रात्र-रात्र बसून काढू लागले आणि इन्सुलिनमुळेच हे झालं म्हणून ते बंद करायच्या बेतात होते. तेव्हा एचबीए१सी ७.४ होतं. तीन महिन्यांत ११.२ वरून ७.४, म्हणजे जवळजवळ चार अंकांची घट. वर्षानुवर्षं चढलेली साखर तीन महिन्यांत दोन अंकांहून जास्त उतरली तर काही रुग्णांत नसांची आग उफाळते. ती सहसा काही महिन्यांत ओसरते, वेदनेसाठी औषधं देता येतात, आणि इन्सुलिन सोडून द्यायचं नसतं. दोन वर्षांपूर्वी आग थांबली तेव्हा बिघडत होतं आणि आता आग लागली तेव्हा सुधारत होतं, हे समजावून सांगायला अर्धा तास गेला. साखर अशी झपाट्यानं उतरली तर डोळ्याच्या पडद्याचे बदलही तात्पुरते वाढू शकतात, म्हणून डोळे पुन्हा तपासले.

इन्सुलिनवर एक सावधगिरी जास्तीची. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरणं, घाम, भूक लागणं हे इशारे येतात; तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पण नसा बिघडलेल्या माणसात हे इशारेही बोथट होतात. आबा नुसते चिडचिडे होतात, असं सुनेच्या ध्यानात आलं. आता आबा विनाकारण चिडले की आधी बोटाला टोचलं जातं.

पुढची देखभाल

भरलेली जखम हा शेवट नाही. पुढच्या वर्षभरात साधारण ४० टक्के लोकांत ती पुन्हा होते. आबांना मऊ एमसीआर रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल करून दिली. चप्पल संध्याकाळी घ्यायची, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून पाय बघायचा. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा तपासायचा. कोल्हापुरी चप्पल घालायची की नाही यावर आबांनी बरीच घासाघीस केली. उत्तर नाही असंच आहे, फोटोपुरतीही नाही. देवळात जायचं तर भल्या सकाळी, दगड थंड असताना, आणि जाड मोजे घालून.

रात्री झोपताना सून आरशानं दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या बघते. खोबरेल तळव्याला आणि टाचेला लावते, बेचक्यात नाही, तिथे ओल धरते. नखं सरळ कापते, कोपरे खोदत नाही. घट्टा ब्लेडनं घरी कापायचा नाही आणि कुरूपाचं औषधी प्लास्टर लावायचं नाही, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही. चुलवाणापासून आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरपासून पाय लांब.

शेवटची सवय तापमानाची. कपाळाला लावायच्या नाही, तर पृष्ठभागाचं तापमान सांगणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही पायांच्या सहा जुळ्या जागा रोज मोजायच्या. त्याच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक दोन दिवस राहिला, तर त्या जागेला आतून सूज आहे. सबंध पाऊलच एका बाजूला गरम, लाल, सुजलेलं आणि फारसं न दुखणारं झालं, कातडी कुठे फाटलेली नसली तरी, तर हाडं खचायला लागलेली असू शकतात. याला मुरगळ किंवा संधिवात समजून चालत राहिलं की पावलाचा आकारच बदलतो. त्याच दिवशी पाय वर ठेवून दवाखाना गाठायचा.

आठव्या महिन्यात सुनेच्या वहीत डाव्या चवड्याखाली सलग दोन दिवस २.६ अंशांचा फरक नोंदला गेला. बाहेरून काहीच नव्हतं, आबांना काही कळत नव्हतं. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आली. घट्टा खरवडला तर आत ज्वारीच्या दाण्याएवढा रक्ताचा डाग. चपलेच्या तळाला त्या जागी खोलगट करून दिलं, चार दिवस चालणं बंद ठेवलं. पाचव्या दिवशी फरक ०.७ अंश होता.